झालंय असं समजा

आमची ही डोळे मिटून बसली की घरातल्या कुणी तिला हाक मारायची नाही, असा आमच्याकडे दंडक आहे. घरात माणसं दोनच, त्यामुळे दंडक कुणासाठी आहे ते सांगायला नको. दुपारी चष्म्याचं दुकान बंद करून मी जिना चढून वर येतो, तेव्हा ती खिडकीपाशी कॉम्प्युटरसमोर बसलेली असते. कानांवर मोठे हेडफोन, हनुवटी किंचित वर, डोळे मिटलेले. पडद्यावर कुणीतरी अनोळखी माणूस, तोही डोळे मिटून. दोघंही गप्प. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, इंटरनेट अडकलंय आणि त्याबरोबर हीसुद्धा अडकलीय. तेवढ्यात तो माणूस पुटपुटला, "ताई, भिंत पिवळी आहे," आणि हिने समोरच्या कागदावर 'भिंत' असं लिहिलं.

हे तिचं काम. पगार नाही, सुट्टी नाही, साहेब नाही. मी तिला एकदा विचारलं, "या कामाला म्हणतात तरी काय?" ती म्हणाली, "लोकांना स्वप्नं पडतात, मी त्यांचं वेळापत्रक करते." मी चहा टाकायला निघून गेलो. अशा उत्तरापुढे माणसाने दुसरं काय करावं?

वेळापत्रक हा तिचा जुनाच धंदा. बस कंपनीत वेळापत्रकं बनवणाऱ्या खात्यात तिचा जन्म गेला. तिची पद्धत तेव्हापासूनच जगावेगळी. बाकीचे लोक बस डेपोतून सोडत आणि पुढे पुढे जात. ही डोळे मिटून आधी शेवटच्या थांब्यावर उतरायची, तिथे कोण उतरलं, कोण धावत आलं ते बघायची आणि मग उलटी उलटी डेपोपर्यंत यायची. साहेबांनी एकदा टेबलापाशी येऊन विचारलं, "बाई, झोपलात की काय?" ही डोळे न उघडता म्हणाली, "नाही साहेब, पुलावर आहे. सिग्नल मिळाला नाही अजून." पुढे कंपनीने वेळापत्रकं लावणारं यंत्र आणलं आणि खातंच बंद केलं. त्यानंतर कितीतरी महिने ती नुसती खिडकीत बसून असायची. खालून बस गेली की हलकेच म्हणायची, "उशीर." तो एकच शब्द ऐकून माझा जीव तुटायचा.

मग तिला रेघ पुन्हा सापडली. रेघ हा चित्रं, पाट्या, नकाशे काढायचा एक प्रोग्रॅम आहे. फुकट. नुसता फुकट नाही, तर तो आतून कसा बनवलाय तेही सगळ्यांपुढे उघडं. कुणीही वाचावं, सुधारावं, शेजाऱ्याला द्यावं. देशोदेशीची माणसं आपापली नोकरी सांभाळून तो बनवतात आणि कुणी कुणाला एक पैसा मागत नाही. मी दुकानदार माणूस. मला आधी यात काहीतरी काळंबेरं वाटलं. पण नोकरीत असताना हिने थांब्यांवरच्या पाट्या याच प्रोग्रॅममध्ये काढल्या होत्या, म्हणून तिने त्या लोकांना आभाराचे चार शब्द लिहिले. तिकडून उत्तर आलं, आमच्या प्रचाराच्या गटात येता का?

प्रोग्रॅम चांगला, पण त्याची खबर कुणाला नाही, म्हणून हा गट. मार्केटिंग म्हणा हवं तर, पण सगळी स्वयंसेवक मंडळी. ही गटात शिरली तेव्हा तिथे काय होतं? कल्पना. एक ना धड, भाराभर चिंध्या. गाणं करू या, फुगे सोडू या, गाडी सजवून गावोगाव हिंडू या. प्रत्येक कल्पनेखाली 'वा!', 'झकास!', 'हे व्हायलाच हवं!' आणि झालं. दुसऱ्या दिवशी नवी कल्पना, नवा 'वा!'. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. ही महिनाभर मुकाट्याने जेवली, मग एकेकाला बोलवायला लागली.

तिचं सुरुवातीचं वाक्य ठरलेलं. "डोळे मिटा. झालंय असं समजा. आता काय दिसतंय?"

लोक आधी हसायचे, मग हळूहळू सांगायला लागायचे. एक पाट्या रंगवणारा होता. त्याची कल्पना एवढीच, की पाट्या रंगवणाऱ्या सगळ्यांना रेघ शिकवावी. त्याला डोळे मिटल्यावर एक पिवळी भिंत दिसली, भिंतीला शिडी, खाली बादल्या, बादल्यांवर मांडलेली फळी, फळीवर कॉम्प्युटर आणि भोवती रंगाने माखलेले लोक. तो बोलत होता आणि ही एकेक शब्द टिपत होती. भिंत कुणाची? विचारायला कोण जाणार? शिडी कोण आणणार? लोकांना सांगितलं कुणी, आणि ते कामाच्या दिवशी कसे आले? म्हणजे सुट्टीचा दिवस हवा. शेवटच्या थांब्यावरून उलटं येत येत ती आजच्या दिवसापर्यंत पोचली, तेव्हा त्या कागदावर कामं होती, प्रत्येक कामापुढे माणूस होता आणि तारीख होती. पाटीवाल्याने डोळे उघडून विचारलं, "हे सगळं मी बोललो?" दोन महिन्यांनी ती भिंत, ती शिडी आणि ते रंगाने माखलेले लोक खरोखर एकत्र आले. मला वाटलं होतं ही बाई मनातले मांडे खातेय. त्या दिवसापासून मी तोंड जरा आवरतं घेतलं. जराच.

तिचा नियम मात्र एक होता आणि तो कडक होता. शेवटी ती प्रत्येकाला विचारायची, "तुम्ही कुठे आहात?" कल्पना ज्याची, तो त्या चित्रात कुठेतरी उभा दिसला पाहिजे. शिडी धरून, चहा वाटत, कसाही. "मी नाही दिसत, बाकीचे करतायत सगळं," असं कुणी म्हणालं, की ती कल्पना बाजूला ठेवून द्यायची. टाकायची नाही, ठेवायची. कधीतरी कुणीतरी येऊन तिच्यात उभं राहील म्हणून.

आता शेठची गोष्ट. शेठ हे नाव गटाने ठेवलेलं, कारण कल्पना उधळण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नव्हतं. सकाळी एक, दुपारी एक, संध्याकाळी सकाळची सुधारलेली. धंद्याने नकाशे काढणारा. दवाखान्यांचे, बाजारांचे, घरपोच सामान पोचवणाऱ्यांसाठी गल्ल्यांचे. आवाज मऊ, शब्द नेमके, तोंड मात्र कुणी पाहिलेलं नाही, कारण त्याचा कॅमेरा कायम बिघडलेला. त्याच्या कल्पनांमध्ये नेहमी माणसंच माणसं असत. जत्रा भरल्यासारखी. आणि तो स्वतः त्यात कधीच नसे, म्हणून त्याच्या सगळ्या कल्पना बाजूला पडून होत्या.

रेघेची नवी आवृत्ती यायची होती, तिच्यात नकाशे काढायची खास सोय होती. ती लोकांसमोर आणायला एक मोठा कार्यक्रम करायचं ठरलं आणि शेठने लिहिलं: एक खुला दिवस ठेवू या. कुणीही यावं आणि आपल्या गल्लीचा नकाशा काढावा. सरकारी नको, डोक्यात असतो तो. कुत्रं कुठे झोपतं, सावली कुठे पडते, कोणती पायरी तुटकी आहे. शेवटी सगळ्या गल्ल्या एका भिंतीवर जोडायच्या. गटात 'वा!' झालंच, पण या वेळी प्रोग्रॅम लिहिणारी मंडळीही म्हणाली, हेच करू. सगळ्यांचं एकमत.

त्या दुपारी मी मुद्दाम कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून राहिलो. हिने हेडफोन काढून आवाज खोलीत सोडला होता. ऊन पडद्यातून गाळून येत होतं आणि रस्त्यावरचे आवाज दूर गेले होते.

"लांबट खोली आहे," शेठ सांगत होता. "डाव्या हाताला ओळीने खिडक्या. मधोमध लांब टेबलं, बसायला बाकं. जमीन लाकडी आहे, दारातून आत आलं की एक फळी वाजते. ऊन टेबलाच्या अर्ध्यापर्यंत येतं, मग लोक सरकून सावलीत बसतात. खांद्याला खांदा लागतोय. सगळ्यांच्या बोटांचा आवाज येतोय, पाऊस पडल्यासारखा."

"आणि तुम्ही?" हिने विचारलं.

बराच वेळ काही नाही. मला वाटलं, गेली ही पण कल्पना बाजूला.

"दाराशी," तो म्हणाला. "या, या, म्हणतोय. लोकांना आत घेतोय."

हिने डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहून अशी हसली, की मला आमच्या लग्नाचं वर्ष आठवलं.

तो राहतो आमच्याच शहरात, नदीपलीकडे, हे कळल्यावर तर तिचं बळ दुप्पट झालं. कामं वाटली गेली. कॉम्प्युटर कुणी आणायचे, नवशिक्यांशेजारी कुणी बसायचं, सगळं माणसासकट ठरलं. राहिली खोली. माझी सुट्टी त्या खोलीपायी गेली. शाळेची व्यायामशाळा पाहिली, वाचनालयाचं मागचं दालन पाहिलं, पोहण्याच्या तलावावरचं एक सभागृह पाहिलं, तिथे भिंतींना ओल होती आणि आवाज दोनदा ऐकू यायचा. ही प्रत्येक ठिकाणी दारातून आत जायची, जरा थांबायची आणि मान हलवायची.

"खिडक्या उजवीकडे आहेत."

"मग उलटं तोंड करून उभी राहा."

"फळी वाजत नाही."

"मी आणतो एक वाजणारी फळी."

शेवटी नाइलाजाने तिने वाचनालयाचं दालन ठरवलं.

शेठला तिने जागा बघायला बोलावलं. एकदा त्याला सर्दी होती, एकदा काम होतं, एकदा गुडघा. मग म्हणाला, डोळेच दुखतात, पडद्यावरची अक्षरं पुसट दिसतात. हिला आयतं कारण मिळालं. "अहो, आमच्या घरातच चष्म्याचं दुकान आहे. उद्या या, आमचे हे तपासून देतील, आणि तसंच पुढे दालन बघू."

तेव्हा त्याने सांगितलं. "ताई, मी बाहेर पडत नाही."

आई गेल्यानंतर काही दिवसांनी तो पाव आणायला निघाला होता. कोपऱ्यापर्यंत गेला आणि तिथे त्याचा श्वासच अडकला. पाय पुढे जाईनात. भिंत धरून तो घरी परतला, दार लावलं आणि नंतर वर्षं गेली. सामान दारात येतं, काम इंटरनेटवरून येतं. शहरभरच्या गल्ल्यांचे नकाशे काढणारा हा माणूस स्वतःच्या गल्लीत पाऊल टाकत नव्हता.

"मग दाराशी उभा आहे असं का म्हणालात?" हिने विचारलं. रागाने नाही.

"दिसलं तसं सांगितलं, ताई. खोटं नाही बोललो." मग तो म्हणाला, "कल्पना दुसऱ्या कुणाला द्या. आणि मी गटातूनही जातो. इतके दिवस उंटावरून शेळ्या हाकल्या, पुरे झालं. आता लोकांना काय तोंड दाखवू? म्हणजे, दाखवलं नाहीच कधी."

त्या दिवशी जेवताना ती म्हणाली, "तो सबंध दिवसात आमच्याशिवाय कुणाशीच बोलत नाही हो. गट सोडला तर त्याला दुसरं माणूसच नाही."

"नियम तुझाच आहे ना? मग मोड की. दुसरा कुणीतरी उभा राहील दाराशी, नाव शेठचं लाव."

"मोडला तर ती दया होईल. त्याला कळेल ते. नकाशेवाला आहे, त्याला बोट कुठे ठेवलंय ते लगेच कळतं."

आणि ती रडली. खातं बंद झालं तेव्हाही रडली नव्हती, ती या न पाहिलेल्या माणसासाठी रडली. मला ते सहन झालं नाही. मी कधीच कुणाच्या कल्पनेत उभा राहिलेला माणूस नव्हे, पण काचा लावून माणसाला नीट दिसेल एवढं तरी मला करता येतं. मी म्हणालो, "त्याला विचार, घरी आलो तर चालेल का. निदान डोळे तपासून येतो."

तो नाही म्हणाला नाही. तपासणीच्या काचांची पेटी आणि अक्षरांचा तक्ता घेऊन मी नदी ओलांडली. जुनं, रुंद जिन्याचं घर होतं, पहिल्या मजल्यावर त्याचं बिऱ्हाड. त्याने मागच्या दाराने आत घेतलं. किडकिडीत माणूस, केस नीट विंचरलेले, इस्त्रीचा शर्ट, पायात चकाकणारे बूट. बाहेर निघालेल्या माणसासारखा तयार. घरात बूट घातलेले पाहून मला कसंतरीच झालं.

"या, डॉक्टर."

"डॉक्टर नाही हो, चष्मेवाला. डॉक्टर असतो तर जास्त पैसे घेतले असते."

तो हसला. मागच्या दोन खोल्यांत त्याचं जग होतं. भिंतीभर नकाशे, पलंग, चूल, पडदा लावलेली खिडकी. मी तक्ता टांगायला जागा शोधू लागलो, पण तक्त्यापासून माणूस चांगला लांब बसावा लागतो आणि त्या खोल्यांत चार पावलांत भिंत येत होती.

"लांब जागा नाही का?"

"पुढची खोली आहे, तिचं दार जिन्यावर उघडतं." तो घुटमळला. "पण ती मी उघडत नाही."

"कुलूप आहे?"

"नाही. कडी आहे."

"मग उघडू या. चष्मा चुकीचा लागला तर माझं नाव जाईल."

त्याने कडी काढली. मी तक्ता बगलेत धरून आत गेलो आणि माझ्या पायाखाली फळी वाजली.

मी तिथेच थांबलो. डाव्या हाताला ओळीने खिडक्या होत्या, जाड पडद्यांनी झाकलेल्या. मधोमध लांब टेबलं, बाकं. टेबलांवर चादरी, आणि चादरींखाली उंचवटे. मी एक पडदा सारला. ऊन टेबलाच्या अर्ध्यापर्यंत आलं आणि थांबलं. चादरीचं टोक उचलून पाहिलं तर टाइपरायटर.

"आईचा टायपिंगचा क्लास होता," तो दारातूनच म्हणाला. "शाळेतून आलो की मी या दाराशी बसायचो. आवाज ऐकत."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! आम्ही अख्खं शहर पालथं घातलं, तलावावरच्या ओल्या भिंतीसुद्धा पाहिल्या, आणि ही खोली इथे कडी लावून बसलेली. याच्या लक्षात कसं आलं नाही? पण अगदी नाकाला लावून धरलेलं अक्षर पुसटच दिसतं, हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगतो. त्याला मात्र मी अक्षराने बोललो नाही. ते काम माझं नव्हतं. मी त्याला बाकावर बसवलं, नाकावर तपासणीची चौकट चढवली आणि काचा बदलत गेलो. बरोबर काच बसली तेव्हा त्याने तक्त्याची शेवटची ओळ घडाघडा वाचली, मग मान वळवून खोलीभर पाहिलं आणि म्हणाला, "धूळ फार झालीय इथे."

घरी येऊन मी हिला सगळं सांगितलं. आधी ती हसली, पोट धरून हसली. मग डोळे मिटून इतका वेळ बसली, की मला दंडक मोडावासा वाटला.

त्याला नवा चष्मा पोचला त्या दुपारी तिने त्याला फोन लावला. "एकदा शेवटचं डोळे मिटा. झालंय असं समजा. दारातून आत या. फळी वाजली?"

"वाजली."

"टेबलं दिसतायत? त्यांवर चादरी आहेत, त्या कुणीतरी काढायला हव्यात. त्यांच्याखाली काय आहे?"

तिकडून पावलं ऐकू आली, खरीखुरी. कडी काढल्याचा आवाज आला आणि मग फळी वाजली, आमच्या खोलीत वाजावी इतकी स्पष्ट.

"ताई," तो म्हणाला, "ही आईची खोली आहे."

"हो."

"इथे खूप लोक मावायचे."

"मावतील."

हिने काही सुचवलं नाही, समजावलं नाही. शेवटी तिने फक्त नेहमीचा प्रश्न विचारला. "तुम्ही कुठे आहात?"

"दाराशी," तो म्हणाला. "दाराशी तर मीच असणार. आईच्या खोलीत लोक येणार आणि दुसरा कुणी 'या' म्हणणार?"

वाचनालयाला आम्ही नको म्हणून कळवलं. पाटीवाल्याने शेठच्या घरावर पाटी रंगवली आणि टाइपरायटर मागच्या खोलीत हलवायला चार माणसं आणली. ती माणसं म्हणजे, मला सोडलं तर, वर्षानुवर्षांत त्या घरात शिरलेले पहिले पाहुणे. शेठ त्यांना नुसता चहा पाजत होता. शेवटी एक जण म्हणाला, "आता पुरे हो, नाहीतर आम्हालाच उचलून न्यावं लागेल."

आणि तो दिवस आला. मी दुकान बंद ठेवलं होतं. पडदे काढलेले, खिडक्या उघड्या, टेबलांवर कॉम्प्युटर. शेठ दाराशी, नवा चष्मा खिशात, कारण तो लावला की सगळे चेहरे फारच स्पष्ट दिसतात म्हणे. "या, या." सुरुवातीला त्याचा आवाज फुटत नव्हता. पण जिन्यावरून माणसं येतच राहिली. फळी वाजतच राहिली. कुणी आपल्या गल्लीतलं भांडखोर मांजर काढलं, एका गवंड्याने स्वतः बांधलेल्या भिंतीच तेवढ्या काढल्या, बाकी गल्ली गाळली. ऊन टेबलाच्या अर्ध्यापर्यंत आलं, तेव्हा लोक आपसूक सरकून बसले. मी हे आधी ऐकलेलं होतं. ही भिंतीला टेकून उभी होती आणि तिचे डोळे टक्क उघडे होते. ती इतकी आनंदात होती, की तिच्याशी बोलावं असंही मला वाटलं नाही.

दुपार कलल्यावर एक आजी आल्या. हातात मोठी पर्स. "क्लास पुन्हा सुरू झाला म्हणे?" त्यांनी दारातच विचारलं. "मी इथेच शिकले. तू बाईंचा मुलगा ना? दाराशी बसायचास."

शेठने त्यांना हाताला धरून बाकावर नेऊन बसवलं. पाटीवाल्याने माउस कसा धरायचा ते दाखवलं, आणि आजींनी याच घरापासून बस थांब्यापर्यंतची गल्ली काढायला घेतली. कोपऱ्याअलीकडे त्यांनी औषधाचं दुकान काढलं. शेठ मागून जात होता, तो थबकला.

"आजी, ते दुकान कोपऱ्यापलीकडे. अलीकडे लाँड्री आहे."

"लाँड्री? ती कधीच गेली."

"कशी जाईल? मी गल्लीचा नकाशा केलाय, त्यात आहे."

"नकाशात असेल. रस्त्यावर नाही." लोक हसले. आजींनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. "तू शेवटची कधी पाहिलीस?"

मी हिच्याकडे पाहिलं. तिने माझी बाही घट्ट धरली होती.

"बरीच वर्षं झाली," शेठ म्हणाला.

"मग चल, दाखवते. मला नाहीतरी बस पकडायचीय, आणि हा जिना मला एकटीला उतरवत नाही." आजी उठल्या आणि त्याचा दंड धरला. त्यांना काही माहीत नव्हतं. तो काय करणार? त्याने खिशातून चष्मा काढून लावला. फळी वाजली, मग जिन्यावर पावलं.

आम्ही खिडकीशी गेलो. फाटकापाशी तो थांबला. त्याने गज धरला होता. आजी पर्सने कोपऱ्याकडे दाखवत काही बोलत होत्या, आणि तो हलत नव्हता. मला वाटलं, आता वळेल. ही पुटपुटत होती, काय ते मला कळलं नाही. मग आजींनी काहीतरी चुकीचं म्हटलं असावं, कारण त्याने जोरात मान हलवली, हात लांब करून पलीकडे दाखवलं, आणि नीट दाखवता यावं म्हणून तो फाटकाबाहेर आला. तसेच ते वाद घालत घालत निघाले, आजींच्या चालीने, कोपऱ्यापर्यंत, आणि कोपऱ्यावरून दिसेनासे झाले.

मला रडू आलं, आणि मी ते पुसलं नाही.

जिन्यावर नवी पावलं वाजली. दोन बाया दारात येऊन इकडेतिकडे बघत होत्या, दाराशी कुणीच नव्हतं. ही खिडकीपासून हलायला तयार नव्हती. मग मी गेलो आणि उभा राहिलो. "या, या," म्हणालो. आणखी काही माणसं आली, त्यांनाही म्हणालो. बऱ्याच वेळाने फळीवर पुन्हा पाऊल पडलं आणि मी वर न बघताच म्हणालो, "या, या."

शेठ होता. घामाने शर्ट चिकटलेला, चष्मा नाकावर घसरलेला, धाप लागलेली. ही धावत आली.

"आजींचंच बरोबर," तो म्हणाला. "लाँड्री गेली. औषधाचं दुकान अलीकडे आलंय. पण पलीकडे आता काय आहे ते बघायचं राहिलं, त्यांची बस आली."

"मग?" हिने विचारलं.

"मग उद्या जातो."